गोड रेती

आमच्याकडे रेतीच्या दोनच जाती. गोडी आणि खारी. नदीची ती गोडी, खाडीची ती खारी. आता गोडी म्हणजे काही साखरेसारखी लागत नाही, बरं का. ती कशीच लागत नाही. दातात करकर होते, थुंकून टाकली की संपलं. खारी मात्र मागे राहते. जिभेच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूला, चूळ भरली तरी थोडा वेळ राहतेच.

हे मला कुणी बसवून शिकवलं नाही. माझे वडील ठाण्याच्या खाडीवर मिठागरात कामाला होते. आगरात पाणी घेतलं की रोज सकाळी बोट बुडवायचे आणि जिभेला लावायचे. मी शेजारी उभी. "पिकला गो पानी," म्हणाले की समजायचं, आता मीठ धरणार. मग माझंही बोट पुढे. ती सवय अंगात राहिली. ठाण्याजवळ दिव्याला लेकीकडे गेले आणि टँकर आला की हंडे भरायच्या आधी सगळ्या बिल्डिंगच्या बायका मला खाली बोलावतात, "मावशी, जरा बघा ना, हे प्यायचं का नुसतं वापरायचं?" आणि डोंबिवलीत मुलाकडे राहते, तिथे मानपाड्याच्या बाजूचं वारं आलं की मी चहा पिताना म्हणते, आज कंपनीचा वास चहात उतरलाय. सूनबाई हसते. म्हणते, "आई, तुमची जीभ म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे." त्याच जिभेनं एकदा खोटं सांगितलं. त्याचंच हे लिहिते आहे.

आधी बंगल्याचं सांगायला हवं.

ठाण्यात, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक जुना दुमजली बंगला आहे. लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका शेठनं बांधलेला. खाली विलायती लाद्या, वर जायला सागवानी जिना, वर मंगलोरी कौलं आणि खिडक्यांच्या कमानीत लाल-हिरव्या काचा. शेठच्या मागे कुणी राहिलं नाही, म्हणून बंगला वाचनालयाला दिला. वाचनालयाला मोठं भारदस्त नाव आहे, पण रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो तोंडाकडे बघत राहील. 'शेठचा बंगला' म्हणा, बरोबर दारात सोडतो.

मी तिथे झाडलोटीला लागले तेव्हा माझा धाकटा कडेवर होता. शाळा चौथीपर्यंतच. पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता नावं वाचायला लागले, मग पहिलं पान, मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत अख्खं पुस्तक. जोडाक्षरं अडली की ग्रंथपालबाईंना विचारायचे. पुढे मला शिपाई केलं, आणि निवृत्त झाले तेव्हा कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे मला कॉम्प्युटरच्या आधी सांगता यायचं. माझी शाळा म्हणा, कॉलेज म्हणा, तो बंगलाच.

त्यात एक खोली होती, पश्चिमेची, तळमजल्यावरची. तिला आम्ही 'बायकांची खोली' म्हणायचो. दुपारी दोन ते पाच तिथे फक्त बायका. घरचं आवरून यायच्या, दोन तास मासिकं चाळायच्या, कुणी कादंबरी वाचायच्या, कुणी पंख्याखाली नुसत्या डोळे मिटून बसायच्या. पिशवीतली मेथी काढून मांडीवर निवडता निवडता वाचायच्या. शेवटी चिटणीसांनी पाटी लावली, 'वाचनालयात भाजी निवडू नये.' त्या पाटीखालीच बसून निवडायच्या! घरात ज्यांना स्वतःची अशी खुर्ची नव्हती, अशा पुष्कळ बायकांची त्या खोलीत खुर्ची ठरलेली होती. माझीसुद्धा होती, दाराजवळची.

मग काही वर्षांपूर्वी वरच्या छताचा एक तुकडा पडला. रविवार होता म्हणून कुणाला लागलं नाही. वाचनालय बंद झालं, पुस्तकं गोणत्यात भरून एका शाळेच्या हॉलमध्ये गेली. समितीची बैठक झाली, वर्गणी, देणग्या, सगळं झालं आणि बंगला पाडायचा नाही, जसा होता तसा दुरुस्त करायचा, असं ठरलं. त्यासाठी जुन्या इमारतींचं काम करणाऱ्या एक आर्किटेक्ट आल्या. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, डोक्याला रुमाल. आम्ही सगळे त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांनी मला घरून बोलावून घेतलं. म्हणाल्या, "मावशी, नकाशात मला भिंती दिसतात. पावसात कुठली भिंत कशी वागते ते तुम्हाला माहीत."

मी कशाला नाही म्हणते? डब्यात पोळीभाजी घेऊन रोज डोंबिवलीहून जायला लागले. कुठली खिडकी गळते, कुठल्या कोपऱ्यात बादली ठेवायचो, सगळं दाखवलं. आणि तेव्हाच कळलं की इतकी वर्षं आम्ही त्या बंगल्याचं भलं समजून वाटोळंच करत आलो होतो. पश्चिमेच्या भिंतीला ओल आली की दर दोन वर्षांनी आम्ही काय करायचो? सिमेंट थापायचो आणि वरून ऑइलपेंट. हिरवा, चकचकीत. मीच उभी राहून करून घ्यायचे.

चुन्याचं काम करायला साताऱ्याकडचे एक मिस्त्री आणले होते. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, बोलायला तिखट. ते सिमेंट छिन्नीनं काढताना मला ऐकवायचे, "आक्का, भितीला घाम येतोया, येऊ द्यावा. तुमी तिला रेनकोट घातला. रेनकोट घालून झोपल्यालं माणूस बघितलंय का कुटं?"

मी म्हटलं, "तुम्ही यायला उशीर केलात, मिस्त्री. आम्हाला कोण सांगणार?"

"भितीनं सांगितलं की. तुमी तिच्यावर रंग मारला."

मागच्या अंगणात त्यांनी चुन्याची हौदी केली. चुना भिजवून मुरत ठेवला, त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी. मला तो वास आवडायला लागला. गिलाव्याला चुन्यात रेती लागते, आणि मॅडमची एकच अट होती, रेती गोडी पाहिजे. खाडीची रेती गिलाव्यात गेली की मीठ भिंतीत बसतं. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढतं, भिंत ओली होते, आणि ऊन पडलं की मीठ बाहेर येताना गिलावा फोडून येतं. त्याला लोणा म्हणतात. मला समजावून सांगायची गरज नव्हती. मिठाचं बाहेर येणं मी जन्मापासून बघत आले होते.

पहिली गाडी आली तेव्हा मॅडमनी पिशवीत थोडी रेती भरली, लॅबमध्ये तपासायला पाठवायला. मिस्त्री म्हणाले, "आठ दिस थांबायचं व्हय? जिभंला लावा की." स्वतः मात्र लावेनात. मी विचारलं तर तोंड वासून दाखवलं. "तंबाकूनं मेलीया जीभ. बायकू मीठ घालायला इसरली तरी मला कळत न्हाई, म्हणून तर संसार टिकला."

सगळे हसले. मी पुढे झाले, चिमूटभर रेती जिभेवर ठेवली, थुंकली. म्हटलं, "गोड आहे." आठ दिवसांनी कागद आला, त्यातही तेच. दुसऱ्या गाडीला मी नाक मुरडलं, थोडी खारट होती, आणि कागदातही तसंच निघालं. ती गाडी परत गेली. तेव्हापासून रीतच पडली. गाडी आली की मिस्त्री हाक मारायचे, "आक्का, परसाद घ्या!" मी चाखायचे, बोलायचे, आणि काम सुरू. तपासायला पाठवणं हळूहळू बंद झालं. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची लॅब." मला काय वाटायचं, कसं सांगू? आयुष्यभर मी दुसऱ्यांनी सांगितलेलं केलं. इथे माझ्या एका शब्दावर भिंत चढत होती.

हिवाळा सरता सरता समितीत वेगळंच सुरू झालं. अध्यक्ष साइटवर आले, बायकांच्या खोलीत टेप लावून मोजमाप घेतलं. बरोबर एक तरुण गृहस्थ होते, त्यांचा अभ्यासिकेचा धंदा. म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुलं बसतात ना, एसीत, लाकडी खोपट्यांत, महिन्याची फी भरून, तशी. मी दारातच होते. अध्यक्ष माणूस वाईट नाही. मला म्हणाले, "मावशी, वाचनालय चालवायचं तर काही तरी करायला हवं ना? दुपारी येऊन डुलक्या काढणाऱ्या बायकांवर बंगला कसा उभा राहणार?"

"आणि त्या बायकांनी कुठे जायचं, सर?"

"बघू. पाडव्याला उद्घाटन ठरलंय. खोली तोवर तयार झाली, पुस्तकं लागली, तर राहू दे तुमची. नाही तर रिकामी खोली मी ठेवणार नाही. एसीसाठी तशीही पश्चिमेची भिंत फोडावी लागेल, मग गिलावा करून तरी काय उपयोग?"

मॅडम भांडल्या. फार भांडल्या. पण त्यांच्या हातात बंगला होता, खोल्या नव्हत्या. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं, बाकी सोडा, आधी ही खोली. तीन भिंती झाल्या. पश्चिमेची, तीच लाडाची, शेवटी ठेवली होती. आणि रेती संपली.

गाडी आली ती दुपारी. मॅडम त्या दिवशी कल्याणला दुसऱ्या कामावर होत्या. रेतीचा रंगच मला वेगळा दिसला. काळपट, बारीक, आणि मध्येच एखादा शिंपल्याचा बारीकसा तुकडा. रेती आणून देणारा ठेकेदार माझ्या पुढ्यात येऊन उभा राहिला, घामानं निथळत.

"मावशी, आधीच सांगतो. ही गाडी परत गेली ना, तर तीन आठवडे दुसरी नाय. सरकारनं सगळीकडे रेतीची वाहतूक बंद केलीय. पाडवा गेला समजा."

मिस्त्री घमेलं घेऊन उभे होते. "परसाद घ्या, आक्का."

मी चिमूट उचलली. जिभेवर ठेवली. अगं बाई, ठेवल्याबरोबर कळलं. आगरातलंच पाणी जसं. वडील शेजारी उभे आहेत असं वाटलं.

ठेकेदारानं मॅडमना फोन लावला होता, स्पीकरवर. "मावशींनी चाखली का?" मॅडमचा आवाज आला. "काय म्हणतायत?"

मला दिसत काय होतं सांगू? रेती नव्हती दिसत. त्या बायका दिसत होत्या. शाळेच्या हॉलबाहेर गोणत्यांकडे बघून परत जायच्या त्या. एक जण मला मागच्याच आठवड्यात बाजारात भेटली होती, म्हणाली, "खोली कधी उघडणार हो? घरात मला वाचताना बघितलं की सगळ्यांना काही तरी काम आठवतं."

मी म्हटलं, "गोड आहे."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग घमेलं उचललं. मी नळावर जाऊन तीनदा चूळ भरली.

पाडव्याला खोली उघडली. काय सुंदर झाली होती! मिस्त्रींनी ती भिंत गुळगुळीत दगडानं घोटून घोटून अशी केली होती की दुपारी लाल-हिरव्या काचेतून ऊन आलं की भिंतीवर पाण्यात पडल्यासारखे रंग पडायचे. बायका हात लावून बघायच्या. कुणी तरी भाजीची पाटीही शोधून पुन्हा लावली, गंमत म्हणून. अध्यक्षांनी भाषणात मिस्त्रींचा सत्कार केला, शाल दिली. मिस्त्री माइकवर येऊन म्हणाले, "भिती माझी, पर जीभ आक्कांची." टाळ्या वाजल्या. मी खाली बघत बसले. सगळ्यांना वाटलं, लाजले.

जूनमध्येच भिंतीला घाम सुटला. खालच्या हातभर भागात, सकाळी सकाळी. मी निवृत्त बाई, मला काय काम होतं? पण मी उघडायच्या वेळेला जाऊन बसायला लागले. कोरड्या फडक्यानं भिंत टिपायचे, फडकं पिशवीत घालायचे, घरी नेऊन धुवायचे. सूनबाईनं एकदा विचारलं, "आई, रोज हे एकच फडकं?" मी म्हटलं, टेबलं पुसते. एक खोटं बोललं की त्याचं बाळंतपणही आपणच करायचं असतं. मनाला सांगायचे, पावसाळा आहे, ठाण्यात कुणाची भिंत कोरडी आहे? पण फडक्याला जीभ लावायचं धाडस मला चार महिने झालं नाही.

दसरा झाला, ऊन तापलं, आणि भिंत फुलली. खरंच फुलली म्हणतात त्याला. आधी पिठासारखा पांढरा थर, मग आत भुगा, मग पोपडे. मासिकांच्या कपाटावर रोज सकाळी पांढरी पावडर. आगरात हेच मीठ वर आलं की घरात आनंद व्हायचा.

समिती आली, बघून गेली. अध्यक्ष म्हणाले, "चुना, गूळ, हिरडा, सगळी नाटकं झाली. म्हाताऱ्याला काम येत नव्हतं, हे स्पष्ट आहे. सिमेंट मारा, टाइल्स लावा. मग अभ्यासिकेचंही बघता येईल." ठेकेदारानं लगेच मान हलवली. "हो सर, मिस्त्रीचा चुना कच्चा होता, मी तेव्हाच बोललेलो." कल्याणला मॅडमचं जे काम होतं, तिथे हेच मिस्त्री जायचे होते. तिथल्या लोकांनी येऊन ही भिंत बघितली आणि मिस्त्री नकोत म्हणून कळवलं.

म्हणजे खोलीसाठी मी खोटं बोलले, तर खोली जायला निघाली, भिंत गेली, आणि ज्या माणसानं ती घोटली त्याचं नाव गेलं. आणि मी? मी अजून 'आमची लॅब'.

मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या, गिलाव्याचा तुकडा हातात. मी शेजारी बसले. म्हटलं, "चुना कच्चा नव्हता. रेती खारी होती. शेवटची गाडी. मला माहीत होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. "तेव्हा चुकून कळलं नसेल, मावशी."

"जिभेवर ठेवल्याबरोबर कळलं होतं. मी खोटं बोलले."

त्यांनी हातातला तुकडा पायरीवर ठेवला. मग म्हणाल्या, आणि आवाज वर नव्हता, तो वर असता तर बरं झालं असतं, "मला सांगितलं असतं तर आपण ती धुऊन घेतली असती. चार पाणी काढून. वाळायला धरून आठ दिवस गेले असते फार तर. पाडव्याच्या दिवशी भिंत ओली असती एवढंच. मी अध्यक्षांच्या पाया पडले असते आठ दिवसांसाठी."

मिठागरातल्या बाईला रेती धुता येते हे सुचलं नाही! मी चाखायचं शिकले होते, बोलायचं शिकले नव्हते, असंच म्हणायचं.

"चूक माझीपण आहे," मॅडम म्हणाल्या. "जिभेवर भिंत उभी करायला नको होती. तपासायला पाठवायचं मीच बंद केलं." त्या उठल्या. पुढे बरेच दिवस त्या मला 'मावशी' म्हणाल्या नाहीत. 'तुम्ही' म्हणायच्या, नुसतं.

समितीपुढे मी तेच सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "लेखी द्या." वाचनालयात वाचकांच्या सूचनांची वही असते. मी ती उघडली आणि त्यात लिहिलं. तोवर त्या वहीत मी फक्त 'पंखा आवाज करतो' असं लिहिलं होतं, एकदा. जोडाक्षरं ह्या घरात शिकलेली, तीच इथे वापरली. मिस्त्रींचा चुना उत्तम होता, रेती खारी होती, ती मी गोड सांगितली, खाली सही. ठेकेदार म्हणाला, "म्हातारपणात चव जाते हो सर, जाऊ द्या." मी म्हटलं, "चव नाही गेली. म्हणून तर लिहितेय."

त्यानंतर मिस्त्रींना फोन केला. गावी शेतावर होते.

"मिस्त्री, ती शेवटची गाडी खारी होती. मला कळलं होतं."

पलीकडे त्यांनी कुणाला तरी पंप बंद करायला सांगितलं. मग म्हणाले, "आक्का, मी दिवाळीपास्नं हौदीचा इचार करतोय. चुना कमी मुरला का, गूळ जास्त झाला का. पोराला म्हटलं, आता हात गेला माझा. गिलाव्याची कन्नी-थापी ठेवून दिली माळ्यावर."

"मिस्त्री, मी..."

"माझी जीभ मेल्याली म्हणून तर तुमाला इचारत हुतो." आणि फोन ठेवला.

मला शिव्या दिल्या असत्या तर मी कुणाला तरी सांगितल्या असत्या, रडले असते. ह्या वाक्याचं काही करता येत नाही. ते आहे तिथेच आहे.

मॅडमनी समितीकडून उन्हाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. सिमेंट नाही, टाइल्स नाहीत. आधी भिंतीतलं मीठ ओढून काढायचं, मग खालचा खराब गिलावा उतरवून तेवढाच नवा करायचा. ओढायचं कशानं, तर कागदाच्या लगद्यानं. कोरा कागद भिजवून, कुटून, ओला लगदा भिंतीवर बोटभर जाड थापायचा. सुकताना तो आतलं मीठ स्वतःत घेतो. मग काढायचा, पुन्हा नवा थापायचा. असं पुन्हा पुन्हा. कागद छापलेला चालत नाही, शाईचे डाग पडतात.

कोरा कागद कुठून आणायचा? माझ्या लक्षात होतं. कॉम्प्युटर आल्यावर पुस्तकांच्या नोंदीची कार्डं बंद झाली, तेव्हा कोऱ्या कार्डांचे गठ्ठे मीच जिन्याखालच्या कपाटात रचून ठेवले होते. फेकवत नव्हते. ते काढले. टबात भिजवले. खोली बंद होती, म्हणून बायका दुपारी व्हरांड्यात सतरंजीवर बसायच्या. मी त्यांच्यापुढे टब ओढला आणि काय झालं ते सांगितलं, सगळं. काही जणी उठून गेल्या. एक जण, तीच बाजारात भेटलेली, म्हणाली, "आमच्यासाठी केलंत म्हणू नका हं मावशी. आम्ही आठ दिवस थांबलो असतो. इतकी वर्षं थांबतोच आहोत." मग पिशवीतली गवार बाजूला ठेवली, बाह्या वर केल्या, आणि टबात हात घातला.

पहिला लगदा निघाला, दुसरा निघाला. प्रत्येक वेळी मॅडम तुकडा पिशवीत भरून तपासायला पाठवायच्या. मला कुणी चाखायला सांगितलं नाही. बरोबरच होतं. मी फक्त कार्डं कुटायचे.

तिसऱ्या लगद्याच्या वेळी मिस्त्री आले. कुणी बोलावलं होतं, मॅडमनी की आणखी कुणी, मी विचारलं नाही. दारात पिशवी ठेवली, सरळ भिंतीपाशी गेले. माझ्याशी बोलले नाहीत. तळहात भिंतीवर ठेवून उभे राहिले, डॉक्टर पोटावर ठेवतात तसे. मग सुकलेल्या लगद्याचा एक तुकडा नखानं सोडवला, उजेडात धरून बघितला, आणि माझ्यापुढे केला.

खोलीत मॅडम होत्या, दारात दोघी-तिघी बायका होत्या. अध्यक्ष सकाळीच विचारून गेले होते की झालं का एकदाचं, उन्हाळा आला. मी 'झालं' म्हणावं असं त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, आणि मलाही.

"चाखा," मिस्त्री म्हणाले. परसाद म्हणाले नाहीत.

मी तुकडा जिभेवर ठेवला. कागद विरघळला. थोडा वेळ काहीच नाही. मग जिभेच्या कडेला, गालाच्या आत, ते आलं.

"खारं आहे," मी म्हटलं. "आधीपेक्षा कमी. पण आहे."

मिस्त्रींनी मान हलवली. मॅडमनी पिशवीत तुकडा भरला तो भरलाच, तपासायला. आणि मी व्हरांड्यात जाऊन जिन्याखालच्या कपाटातला पुढचा गठ्ठा सोडला.